गाईच्या भक्षकपेशीतला मेद आणि क्षयाचा जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकाचे विद्यार्थी, दुग्धव्यवसायातील जाणकार आणि जीवशास्त्राची आवड असलेले वाचक या विषयावर जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘चरबी’ म्हटले की कातडीखालचा पांढरा थर डोळ्यांपुढे येतो, म्हणून येथे ‘मेद’ हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. त्यात मेदाम्ले, ट्रायग्लिसराइड, कोलेस्टेरॉल आणि त्यांच्यापासून तयार होणारी संदेशद्रव्ये अशा सर्वांचा समावेश होतो.

गाईला क्षय नेमका कोणत्या जिवाणूमुळे होतो? माणसाचा जिवाणू तोच का?

तोच नव्हे, पण अगदी जवळचा भाऊबंद. गोवंशातील क्षयाचे जगभरातील प्रमुख कारण म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, आणि माणसाच्या क्षयाचे प्रमुख कारण म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. बोव्हिसचा संपूर्ण जनुकसंच २००३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या दोघांतील साम्य ९९.९५ टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसले. एवढ्या थोड्या फरकावर एक जिवाणू गाईत ठाण मांडतो आणि दुसरा माणसात, हे या विषयातील मोठे कोडे आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग मेदाच्या चयापचयात दडलेला आहे.

भारतापुरती एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या जनावरांत मायकोबॅक्टेरियम ऑरिगिस हा तिसरा भाऊबंदही सापडतो. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात माणसांकडून मिळालेले ९४० नमुने जनुकीय पद्धतीने तपासले गेले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात क्षयाच्या लसीतला बीसीजी वाण वगळता बोव्हिस एकाही नमुन्यात आढळला नाही, ऑरिगिस मात्र सात नमुन्यांत आढळला. तेव्हा ‘जनावराचा क्षय म्हणजे बोव्हिस’ हे समीकरण युरोपात जितके बिनधोक आहे, तितके ते येथे नाही. पुढील विवेचनात ‘जिवाणू’ असे मोघम म्हटले असेल तेथे या संपूर्ण कुळाला लागू असलेली गोष्ट समजावी, आणि फरक महत्त्वाचा असेल तेथे नाव दिलेले आहे.

भक्षकपेशी म्हणजे कोणती पेशी, आणि जिवाणू तिच्यातच का राहतो?

भक्षकपेशी, अर्थात मॅक्रोफेज, ही शरीरातील मृत पेशी, धूळ आणि जंतू गिळून पचवणारी पेशी आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांत ती पहारा देत असते आणि श्वासावाटे आलेल्या जिवाणूची पहिली गाठ बहुधा तिच्याशीच पडते. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, पिशवी आम्लधर्मी होते, पाचक विकरे तिच्यात ओतली जातात आणि जंतू मरतो, असा नेहमीचा क्रम आहे. क्षयाचा जिवाणू हा क्रम अर्ध्यावर रोखतो. त्याच्या आवरणातील मेदद्रव्ये पिशवीची पुढील वाटचाल थांबवतात, आणि ईएसएक्स-१ या स्रावयंत्रणेच्या मदतीने तो पिशवीला भोकेही पाडतो. जी पेशी त्याला मारण्यासाठी आहे तिच्याच पोटात तो वाढतो, आणि अतिशय संथपणे वाढतो. अनुकूल परिस्थितीतही एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे वीस तास लागतात.

निरोगी भक्षकपेशी मेदाचे काय करते?

तिच्यापुढे तीन वाटा असतात: जाळणे, साठवणे आणि बाहेर सोडणे. मेदाम्ले मायटोकॉन्ड्रियात जाळली की ऊर्जा मिळते. लगेच न लागणारी मेदाम्ले ट्रायग्लिसराइडच्या रूपात आणि जादा कोलेस्टेरॉल त्याच्या एस्टरच्या, म्हणजे मेदाम्लाशी जोडलेल्या, रूपात मेदबिंदूंमध्ये ठेवले जाते. शिवाय काही कोलेस्टेरॉल पडद्यावरील वाहक प्रथिनांमार्फत बाहेर जाते. या तिन्ही वाटांचा तोल सुटला की पेशी फुगू लागते.

मेदबिंदू ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. गाईच्या कासेतील पेशी दुधाचा मेद अशाच बिंदूंमध्ये तयार करतात. आपण दुधावरून काढतो ती साय आणि ताक घुसळून काढतो ते लोणी, यांचा उगम तेथेच आहे. ट्रायग्लिसराइड जुळवण्याच्या शेवटच्या पायरीवर काम करणारे डीजीएटी-१ हे विकर कासेत असते, आणि भक्षकपेशीतही तोच रासायनिक व्यवहार चालतो. याच विकराच्या जनुकातील एका बदलामुळे दुधातील स्निग्धांश कमीजास्त होतो, हे २००२ साली गाईंच्या १४व्या गुणसूत्रावरील संशोधनातून सिद्ध झाले. आपल्या देशी गाईंत आणि म्हशींत अधिक स्निग्धांश देणारे रूप जवळजवळ सर्वत्र आढळते. अर्थात यावरून देशी गाईच्या क्षयाविषयी कोणताही निष्कर्ष काढणे ही उडी ठरेल.

संसर्गानंतर नेमके काय बदलते?

थोडक्यात सांगायचे तर जाळण्याची वाट अरुंद होते आणि साठवण्याची वाट रुंद होते. हे एकाच कळीने होत नाही. अनेक कळी एकाच दिशेने दाबल्या जातात, आणि म्हणूनच तो बदल पक्का होतो.

पहिला बदल साखरेचा आहे. जिवाणू आत आल्यावर पेशी ग्लुकोज झपाट्याने फोडू लागते, परंतु ते मायटोकॉन्ड्रियात पूर्णपणे जाळण्याऐवजी बराच भाग लॅक्टेटच्या रूपात बाहेर टाकते. चिथावलेल्या भक्षकपेशीचे हे सर्वसाधारण लक्षण आहे आणि काही अंशी ते पेशीच्या हिताचेही आहे, कारण या स्थितीत तिची मारकशक्ती वाढते. मात्र यामुळे मेदाम्ले तयार करण्यास लागणारा कच्चा माल पेशीत वाढतो. ईएसएक्स-१ यंत्रणेतून स्रवणारे ईसॅट-६ हे प्रथिन या वळणाचा फायदा घेते. प्रयोगांत असे दिसले की त्याच्या प्रभावाखाली ग्लुकोजचा ओघ वाढतो, त्यातून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हे कीटोन द्रव्य तयार होते, आणि ते द्रव्य पेशीच्याच पृष्ठभागावरील जीपीआर-१०९ए या ग्राहकाला जाऊन चिकटते. या ग्राहकाचे काम साठवलेला मेद फुटू न देणे हे आहे. म्हणजे पेशी स्वतःच्याच कोठाराला कुलूप लावून बसते.

दुसरा बदल सूक्ष्म आरएनएच्या पातळीवर होतो. मिर-३३ नावाचा छोटा आरएनए मेदाम्लांचे ज्वलन, कोलेस्टेरॉल बाहेर टाकणारा वाहक आणि पेशीची स्वतःतील टाकाऊ भाग पचवण्याची क्रिया या तिघांनाही आवर घालतो. माणसाच्या क्षयजिवाणूची लागण झालेल्या भक्षकपेशींत तो वाढतो, असे २०१६ साली दाखवून देण्यात आले. पेशीची स्वपचन क्रिया मेदबिंदू फोडण्याच्या कामी येते आणि जिवाणूला पकडण्याच्याही कामी येते. ती मंदावली की जिवाणूला दोन्ही बाजूंनी लाभ होतो.

तिसरा बदल केंद्रकातील पीपीएआर-गॅमा या नियंत्रक प्रथिनाचा आहे. ते जागे झाले की मेद आत घेणाऱ्या आणि साठवणाऱ्या जनुकांचे काम वाढते आणि दाहाचा जोर कमी होतो.

चौथी कळ जिवाणूच्या आवरणातच आहे. मायकॉलिक आम्ले ही त्याच्या आवरणातील अतिशय लांब मेदाम्ले. यांपैकी ऑक्सिजनयुक्त प्रकार भक्षकपेशीत मेदबिंदू उत्पन्न करतात, हे २००८ सालच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. ही आम्ले नसलेला मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा निरुपद्रवी नातलग पेशीत शिरला तरी तिच्यात असे मेदबिंदू होत नाहीत.

ईसॅट-६ला या कथेचा नायक ठरवण्याची घाई करू नये. बीसीजी या लसीच्या जिवाणूत ते प्रथिनच नसते, तरीही बीसीजीमुळे भक्षकपेशीत मेदबिंदू होतात.

‘फेसाळ पेशी’ म्हणजे काय? सूक्ष्मदर्शकात तो मेद दिसतो का?

मेदबिंदूंनी भरलेली भक्षकपेशी साबणाच्या फेसासारखी दिसते, म्हणून तिला फेसाळ पेशी म्हणतात. मात्र नेहमीच्या काचपट्टीवर जे दिसते तो मेद नसतो, मेदाची रिकामी जागा असते. ऊतीचा तुकडा मेणात बसवताना तो अल्कोहोल आणि झायलीनमधून जातो, त्यात मेद विरघळून निघून जातो आणि पोकळ्या तेवढ्या उरतात. मेद प्रत्यक्ष पाहायचा असेल तर गोठवलेल्या ऊतीचे काप घेऊन ते ऑइल रेड ओ या रंगाने रंगवावे लागतात, किंवा जिवंत पेशीत बॉडिपी हे चमकणारे रंगद्रव्य वापरावे लागते. शवविच्छेदनातील सर्व नमुने फॉर्मलिनमध्ये बुडवून, मेणात बसवून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून हा पुरावा निसटतो. थोडी ऊती गोठवून ठेवण्याची सवय यासाठीच लावून घ्यावी.

जिवाणू मेदावरच का जगतो? साखर त्याला चालत नाही का?

प्रयोगशाळेत माणसाचा जिवाणू ग्लिसरॉलवर उत्तम वाढतो. शरीरात मात्र तो मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल यांना प्राधान्य देतो. त्याच्या जनुकसंचातच ही ओढ लिहिलेली आहे. १९९८ साली तो जनुकसंच प्रथम वाचला गेला, तेव्हा सुमारे ४,००० जनुकांपैकी अडीचशेच्या आसपास मेदाच्या चयापचयाशी संबंधित असल्याचे दिसले. आतड्यातील ई. कोलाय या जिवाणूत अशी विकरे जेमतेम पन्नास असतात. मेदाम्लांपासून शरीराला लागणारे सर्व घटक बनवायचे असतील तर ग्लायॉक्सिलेट चक्र लागते आणि त्या चक्राच्या प्रवेशद्वारी आयसोसायट्रेट लायेज हे विकर असते. त्याची दोन्ही रूपे काढून टाकली की जिवाणू उंदराच्या शरीरात तग धरू शकत नाही.

बोव्हिसची स्थिती याहून बिकट आहे, किंवा म्हणा, याहून एकनिष्ठ आहे. पायरुव्हेट कायनेज हे विकर घडवणाऱ्या जनुकात त्याच्याकडे बिघाड आहे. परिणामी ग्लिसरॉल किंवा साखर हा त्याचा एकमेव कार्बनस्रोत होऊ शकत नाही, आणि गाईच्या शरीरात त्याला मेदाम्ले किंवा अमिनो आम्ले यांवरच भागवावे लागते. ट्रायग्लिसराइडच्या रेणूचा ग्लिसरॉलचा कणा त्याच्या फारसा उपयोगाचा नाही, त्याला जोडलेली मेदाम्ले तेवढी उपयोगाची.

निदान प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हे दुसऱ्या वाटेने ठाऊक असते. ग्लिसरॉल घातलेल्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर बोव्हिस खुरटा वाढतो, आणि पायरुव्हेट घातलेल्या स्टोनब्रिंक माध्यमावर बरा वाढतो. जनावराचा नमुना केवळ पहिल्या माध्यमावर लावून ‘वाढ नाही’ असा अहवाल देणे म्हणजे उपाशी ठेवून वजन करण्यासारखे आहे. गंमत अशी की काल्मेत आणि गेरॅं या फ्रेंच संशोधकांनी १९०८पासून १९२१पर्यंत बोव्हिस ग्लिसरॉलयुक्त बटाट्याच्या माध्यमावर २३० वेळा पुनःपुन्हा वाढवला आणि त्यातून बीसीजी लस निर्माण झाली. त्या तेरा वर्षांच्या ग्लिसरॉलच्या खुराकात बीसीजीने हा बिघाड दुरुस्त करून घेतला आहे.

कोलेस्टेरॉलचे वेगळे महत्त्व का सांगितले जाते?

पेशीत शिरण्यापासून तेथे टिकण्यापर्यंत ते जिवाणूच्या उपयोगी पडते. भक्षकपेशीच्या पडद्यातील कोलेस्टेरॉल काढून टाकले तर मायकोबॅक्टेरिया आत नीट शिरत नाहीत. आत गेल्यावर एमसीई-४ ही वाहकयंत्रणा यजमानाचे कोलेस्टेरॉल जिवाणूत ओढून घेते, आणि दीर्घकाळ टिकून राहण्यासाठी ती आवश्यक असल्याचे २००८ साली उंदरांत दिसले. मेदाम्ले आत घेण्यासाठी एमसीई-१ ही वेगळी यंत्रणा आहे.

कोलेस्टेरॉलचे रेणू फोडताना जिवाणूपुढे एक पेच उभा राहतो. त्यातून प्रोपिओनिल-कोएन्झाइम ए मोठ्या प्रमाणावर बाहेर पडते आणि ते साचले की विषारी ठरते. जिवाणू त्यातला काही भाग मेथिलसायट्रेट चक्रातून निकालात काढतो आणि उरलेला फांद्या असलेल्या लांब मेदांमध्ये, विशेषतः पीडीआयएम या आवरणद्रव्यात, गुंफून टाकतो. पीडीआयएम हे भक्षकपेशीला नमवणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे, म्हणजे यजमानाच्या कोलेस्टेरॉलचा कचरा जिवाणूच्या हत्यारात रूपांतरित होतो. गाईचा विचार करताना हा विरोधाभास आणखी मनात भरतो: कोठीपोटात तयार होणारे प्रोपिओनेट हा गाईच्या यकृतासाठी ग्लुकोज बनवण्याचा मुख्य कच्चा माल आहे, आणि त्याच प्रोपिओनेटाचे सक्रिय रूप तिच्या पेशीत लपलेल्या जिवाणूला ओझे वाटते.

मग मेदबिंदू हे जिवाणूचे कोठार समजावे की पेशीचे शस्त्र?

या प्रश्नाचे ठरावीक उत्तर पूर्वी ‘कोठार’ असे होते, आणि ते अपुरे आहे. कोठाराच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. मेदाने भरलेल्या आणि ऑक्सिजन कमी असलेल्या माणसाच्या भक्षकपेशींत जिवाणू यजमानाच्या ट्रायग्लिसराइडमधील मेदाम्ले उचलतो आणि स्वतःच्या शरीरात पुन्हा ट्रायग्लिसराइडच्या रूपाने साठवतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात जिवाणूची पिशवी मेदबिंदूला बिलगलेली दिसते.

परंतु २०१८ साली उंदराच्या भक्षकपेशींवर झालेल्या कामाने चित्र पालटले. त्यात असे आढळले की मेदबिंदू जिवाणूच्या केवळ उपस्थितीने होत नाहीत. इंटरफेरॉन-गॅमा या संरक्षक संदेशाने एचआयएफ-१ अल्फा हे नियंत्रक प्रथिन जागे केले की ते होतात, आणि या बिंदूंवर दाहाला दिशा देणारी आयकोसॅनॉइड द्रव्ये तयार होतात. इतकेच नव्हे, मेदबिंदू नसलेल्या पेशीतही जिवाणू यजमानाचा मेद मिळवतच होता. तेथे मेदबिंदू हा पेशीच्या प्रतिकाराचा भाग होता.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण माझ्या मते ते एकाच वस्तूच्या दोन अवस्थांबद्दल बोलतात. मेदबिंदूतील ॲराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनले तर लागण झालेली पेशी शिस्तीने मरते, तिचे आवरण शाबूत राहते, शेजारच्या पेशी तिला जिवाणूसकट गिळतात आणि तो आटोक्यात येण्याची शक्यता वाढते. त्याच कच्च्या मालापासून लिपॉक्सिन ए-४ बनले तर पेशी फुटून मरते आणि जिवाणू मोकळा होतो. जहाल वाण दुसऱ्या दिशेला झुकवतात. म्हणून पेशीत मेद किती आहे एवढेच मोजून थांबणाऱ्या अभ्यासाकडे थोड्या सावधपणे पाहावे. संसर्गाच्या कोणत्या दिवशी, कोणत्या संदेशाखाली आणि कोणत्या वाणाने तो मेद जमला, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

जिवाणू ‘झोपतो’ असे म्हणतात, त्याचा मेदाशी काय संबंध?

जिवाणूने स्वतःत ट्रायग्लिसराइड साठवले की तो वाढ मंदावून दीर्घकाळ निपचित राहू शकतो. या स्थितीत तो क्षयाचा जिवाणू ओळखण्यासाठी वापरला जाणारा झील-नील्सन रंग नीट धरत नाही आणि रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधांना दाद देईनासा होतो. ही आनुवंशिक प्रतिकारशक्ती नसते. तो जागा होऊन वाढू लागला की औषधे पुन्हा लागू पडतात.

गाठीतला चीजसारखा पदार्थ कोठून येतो?

लागण झालेल्या भक्षकपेशींभोवती इतर पेशी गोळा होऊन गाठ, म्हणजे ग्रॅन्युलोमा, तयार होते. गाईत ती बहुधा घशामागील आणि छातीतील लसिका ग्रंथींत व फुप्फुसांत सापडते. विकृतिशास्त्रात तिच्या चार अवस्था मानतात. पहिल्या दोन अवस्थांत भक्षकपेशींचा विस्कळीत आणि मग भरीव पुंजका असतो, तिसरीत मधोमध ऊती मरू लागते आणि चौथीत मृत भाग पसरून त्यात कॅल्शियम बसते. अशी ग्रंथी कापताना सुरीखाली वाळूसारखी कचकच लागते, आणि आतला पिवळसर पदार्थ घट्ट चक्क्यासारखा दिसतो.

माणसाच्या गाठींचे रासायनिक पृथक्करण केल्यावर या मृत पदार्थात कोलेस्टेरॉल, त्याचे एस्टर आणि ट्रायग्लिसराइड विपुल असल्याचे आढळले. मेद हाताळणारी पेशीची जनुकेही गाठीत वाढलेल्या प्रमाणात काम करत होती. फेसाळ पेशी मरून फुटतात आणि त्यांचा मेद मध्यभागी साचत जातो, हे त्याचे सर्वाधिक पटणारे स्पष्टीकरण आहे. गाठ मऊ होऊन श्वासनलिकेत फुटली की जिवाणू खोकल्यावाटे गोठ्यातील दुसऱ्या जनावरापर्यंत पोहोचतो. पेशीतील मेदाचा प्रश्न अशा रीतीने प्रसाराचा प्रश्न होतो.

माणसाचा जिवाणू गाईला दिला तर काय होते?

हा प्रयोग झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या जिवाणूचा प्रयोगशाळेतील वाण दिलेल्या गाई त्वचेच्या ट्युबरक्युलिन चाचणीत (जिवाणूची प्रथिने त्वचेत टोचून प्रतिक्रिया पाहतात ती) होकारार्थी निघाल्या, पण त्यांच्यात रोगाच्या गाठी दिसल्या नाहीत. गाईच्या वायुकोशांतील भक्षकपेशींवर दोन्ही जिवाणू स्वतंत्रपणे सोडले असता सुरुवातीचे काही तास प्रतिसाद सारखाच असतो, आणि २४ तासांनंतर वाटा वेगळ्या होत जातात. बोव्हिसमुळे पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनचा संदेश अधिक जोरकस उमटतो. हा संदेश मेदाशी जोडलेला आहे. त्याच्या प्रभावाखाली कोलेस्टेरॉलपासून २५-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल बनते आणि ते पेशीतील नव्या कोलेस्टेरॉलच्या निर्मितीला लगाम घालते. दोन्ही जिवाणूंच्या आवरणातही फरक आहे. माणसाच्या जिवाणूत आढळणारे सल्फोलिपिड बोव्हिसमध्ये नसते आणि बोव्हिसमध्ये फिनॉलयुक्त ग्लायकोलिपिड असते.

उंदरावरचे निष्कर्ष गाईला लावावेत का?

जपून लावावेत. वरच्या उत्तरांतील बराच पुरावा माणसाच्या व उंदराच्या पेशींतून आलेला आहे, आणि म्हणूनच प्रत्येक ठिकाणी प्राण्याचे नाव दिले आहे.

गाय रवंथ करणारी आहे. तिच्या चाऱ्यातील पिष्टमय पदार्थ कोठीपोटातच आंबतात, आणि तिच्या रक्तात ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट जातात. तिच्या रक्तातील ग्लुकोज साधारण ४० ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे माणसापेक्षा कमी असते, आणि ती मेद प्रामुख्याने ॲसिटेटपासून बनवते. व्याल्यानंतरच्या आठवड्यांत दुधाची गरज खाण्यातून भागत नाही, तेव्हा अंगावरचा मेद वितळून रक्तात येतो आणि बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट वाढते. ते लिटरमागे १.२ मिलिमोलच्या पुढे गेले की सुप्त कीटोसिस, म्हणजे लक्षणे न दिसता रक्तात कीटोन द्रव्ये वाढलेली स्थिती, मानतात. ईसॅट-६च्या प्रभावाखाली पेशी जे द्रव्य आतल्या आत बनवते, तेच द्रव्य ताज्या व्यालेल्या गाईच्या रक्तात बाहेरून वाहत असते, हे लक्षात घेतले म्हणजे उंदराच्या पेशीवरचा प्रयोग जसाच्या तसा गोठ्यात आणणे किती धाडसाचे आहे ते कळते.

जनुकांतही फरक आहेत. मिर-३३ची दोन रूपे गाईत आणि माणसात असतात, उंदरात एकच. मेद ओळखून टी-पेशींपुढे, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींपुढे, मांडणाऱ्या सीडी-१ कुळातील ब गटाची प्रथिने गाईत आहेत, उंदरात ती नाहीत. त्यांच्यामार्फत गाईच्या टी-पेशी जिवाणूच्या ग्लुकोज-मोनोमायकोलेट या मेदद्रव्याला ओळखतात. या एका बाबतीत गाय माणसाला उंदरापेक्षा जवळची आहे.

प्रयोगासाठी गाईच्या भक्षकपेशी कशा मिळवतात?

मानेच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातील मोनोसाइट वेगळ्या करतात आणि साधारण आठवडाभर वाढवून त्यांच्या भक्षकपेशी करतात. दुसरी वाट म्हणजे फुप्फुस क्षारद्रावणाने धुऊन वायुकोशांतील पेशी गोळा करणे. जिवाणूसह काम तिसऱ्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच करावे लागते. मेदाचा अभ्यास करणाऱ्याने वाढमाध्यमातील सीरमकडे लक्ष द्यावे. सीरममध्ये स्वतःचा मेद असतो, तो पेशी उचलतात आणि लागण नसतानाही बिंदू दिसू लागतात. लागण नसलेल्या पेशींचा तुलनागट त्याच सीरममध्ये ठेवला नसेल तर निकाल फुकट जातो.

सरकी पेंड किंवा स्निग्ध खुराक दिल्याने जनावराला क्षय होतो का?

नाही. क्षय जिवाणूमुळे होतो. भक्षकपेशीत जमणारा मेद हा जिवाणूने व दाहाने घडवून आणलेला पेशीपातळीवरचा बदल आहे, खुराकातील तेलाचे मोजमाप नव्हे. लठ्ठ जनावराच्या पेशी फेसाळ आणि हडकुळ्याच्या कोरड्या, असा काही नियम नाही. क्षयाने खंगलेल्या गाईच्या गाठींतही फेसाळ पेशी सापडतात.

जिवाणूला मेद आवडतो, म्हणून तो दुधाच्या सायीत राहतो का?

दुधात तो कासेच्या क्षयामुळे किंवा बाहेरील दूषणामुळे येतो, सायीच्या ओढीने नव्हे. धारोष्ण दूध पिण्याची प्रथा मात्र या दृष्टीने धोक्याची आहे. ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटे तापवल्यास जिवाणू मरतो, आणि घरी उकळी आणणे पुरेसे असते.

मेदाच्या चयापचयावर औषध देऊन गाईचा क्षय बरा करता येईल का?

कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन औषधे आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन यांचा माणसाच्या क्षयात पूरक उपचार म्हणून अभ्यास चालू आहे. गाईत हा मार्ग व्यवहार्य नाही. महिनोन्‌महिने औषधे द्यावी लागतात, ती दुधात उतरतात, जनावर बरे दिसूनही जिवाणू सोडत राहू शकते आणि औषधांना न जुमानणारे वाण निपजण्याचा धोका असतो. त्यातच बोव्हिस पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधाला जन्मतःच दाद देत नाही. अनेक देशांत चाचणीत सापडलेले जनावर कापले जाते. भारतातील बहुतेक राज्यांत, आणि २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैलवळूंच्या बाबतीतही, ती वाट कायद्याने बंद आहे. भारतातील प्रसिद्ध अभ्यासांचे २०१८ साली झालेले एकत्रित विश्लेषण येथील प्रादुर्भाव ७.३ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी १८ लाख जनावरे, असा अंदाज देते. त्यामुळे आपल्याकडे बाधित जनावर वेगळे ठेवणे आणि लसीकरण यांवरच भर द्यावा लागेल.

लसीकरणात या ज्ञानाचा काही उपयोग आहे का?

थेट उपयोग ईसॅट-६चा झाला आहे. बीसीजी दिलेले वासरू पारंपरिक ट्युबरक्युलिन चाचणीत बाधित ठरू शकते. परंतु बीसीजीत ईसॅट-६ नसल्यामुळे, त्या प्रथिनावर आधारलेली त्वचाचाचणी लस दिलेले आणि खरोखर लागण झालेले जनावर वेगवेगळे ओळखते. इथिओपियात बीसीजी दिलेल्या वासरांवर झालेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लस दिलेली जनावरे स्वतः कमी बाधित झालीच, शिवाय बाधित झालेल्यांकडून पुढे होणारा प्रसारही घटला, आणि दोन्ही परिणाम मिळून लसीची परिणामकारकता सुमारे ८९ टक्के भरली. कळपात वर्षानुवर्षे लस देत राहायचे असेल तर अशी वेगळी ओळखणारी चाचणी हाताशी असणे ही त्याची पूर्वअट आहे.